बाबांची ८००: पासिंगच्या आधीच्या नोंदी

१६ जून २०२४, रविवार

गाडी आज शेडमधून ढकलत बाहेर काढली. मारुती ८००, पांढरी, कार्बोरेटरवाली, चार गिअरची. नोंदणी २० सप्टेंबर १९९९ ची. पंधरा वर्षं २०१४ ला भरली, मग पाच-पाच वर्षांची मुदत दोनदा वाढवून घेतली. आता तिसऱ्यांदा पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी आणि नोंदणीचं नूतनीकरण, २० सप्टेंबरच्या आत. घरात मात्र ती तारीख कोणी धरत नाही. आईच्या मते काम ७ सप्टेंबरच्या आत, म्हणजे गणपतीच्या आत झालं पाहिजे. गुहागरकडच्या घरी आम्ही गणपतीला याच गाडीने जातो. पुराचं वर्ष तेवढं चुकलं.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा ही खाली अंगणात उभी होती, छतापर्यंत बुडाली. इंजिन, स्टार्टर, अल्टरनेटर तेव्हाच खोलून केलं. सीट गच्चीवर महिनाभर वाळवल्या. खालच्या बाजूला मात्र हात लागला नव्हता आणि त्याची किंमत आता दिसते आहे. मागच्या दोन्ही चाकांचे व्हील सिलेंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने ब्रेक शू ढकलतात ते) पाझरतात, ब्रेक शू तेलाने भिजलेत, दोन्ही लोअर आर्मचे (पुढची चाकं खालून धरणाऱ्या दांड्यांचे) बॉल जॉइंट ढिले आहेत, डावा हेडलाईट आतून गंजून काळा पडलाय. दारांचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, कडक होऊन तुटतंय.

मेस्त्री म्हणाले, "सामान आणून द्या, एका दिवसात बसवतो."

१८ जून

सामान आणून देणं हेच खरं काम आहे. ८०० बनणं जानेवारी २०१४ ला थांबलं. फिल्टर, प्लग, बेल्ट गावात मिळतात. ओळखीच्या स्पेअर पार्टवाल्यांचं दुकान पुरात गेलं आणि त्यानंतर त्यांनी फक्त दुचाकीचाच माल भरला. त्यांना दोष कसा देणार?

म्हणून ऑनलाइन. रात्री दोन तास बसलो. 'मारुती ८०० व्हील सिलेंडर' शोधलं की येतं ते असं: '८०० / अल्टो / ओम्नी / झेन, सर्व मॉडेल'. या चार गाड्या एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत! ओम्नीचं आणि आमच्या ८०० चं इंजिन एकच, तीन सिलेंडरचं, सहा व्हॉल्व्हचं. अल्टोचंही ७९६ सीसीच, पण तिला बारा व्हॉल्व्ह, म्हणजे हेडपासून गॅस्केटपर्यंत सगळं निराळं. झेन तर चार सिलेंडरची, ९९३ सीसी. ओम्नीला मागे पाटे, आमच्या गाडीला स्प्रिंग. आणि विकणारा सगळ्यांना एकच भाग लावून मोकळा.

मापं कुठेच नाहीत. व्हील सिलेंडरच्या आतल्या भोकाचा व्यास किती, ब्रेक शूची रुंदी किती, आर्मच्या बुशचं माप किती, एकाही ठिकाणी नाही. फोटो एकाच बाजूने काढलेला. खाली हिरवी खूण, 'हा भाग तुमच्या गाडीला बसेल'. ती खूण कशाच्या आधारावर दिली, हे विचारायला जागा नाही.

तरी मागवलं: लोअर आर्मची जोडी १,६४० रुपये, व्हील सिलेंडरची जोडी ७१० रुपये, शूचा सेट, एक हेडलाईट, बीडिंग चार दारांचं.

२५ जून

आर्म आले. खोकी दोन, पट्ट्या नीट मारलेल्या. एकावर 'डावा', दुसऱ्यावर 'उजवा' छापलेलं. आतून दोन्ही उजवेच निघाले.

आधी वाटलं मीच उलटं धरतोय. जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले, वाक एकाच दिशेला. जुना डावा काढून आणला आणि मध्ये ठेवला. शंकाच उरली नाही. बाबा खुर्चीवरून बघत होते, ते नुसतं म्हणाले, "पावती ठेव."

परतीची विनंती टाकली. कारणांची यादी समोर आली: 'आकार आवडला नाही', 'रंग वेगळा', 'विचार बदलला'. 'डाव्याच्या जागी उजवा पाठवला' या कारणाला यादीत जागा नाही. 'चुकीची वस्तू' निवडलं आणि तीन फोटो जोडले.

२ जुलै

न्यायला आलेल्या मुलाने खोकं उघडलं, त्याच्या मोबाईलवरचा फोटो आणि हातातला आर्म ताडून पाहिला. त्याच्या फोटोत उजवा आर्म आहे, माझ्या हातातही उजवा. तो म्हणाला, "बरोबरच आहे की वस्तू. ॲप पुढे जाऊ देत नाही." भर पावसात भिजत उभा होता बिचारा, त्याच्याशी काय वाद घालायचा. चहा पाजला आणि जाऊ दिला. संध्याकाळी ॲपवर आलं: 'ग्राहकाने वस्तू दिली नाही.'

मी दिली नाही असं लिहिलं, याचा मला फार त्रास झाला. पुन्हा लिहिलं, पुन्हा फोटो.

७ जुलै, रविवार

हेडलाईट: जुन्या तोंडाच्या गाडीचा. १९९७ ला ८०० चं तोंड बदललं, आमची त्यानंतरची. दुकानदार याला टाईप वन, टाईप टू म्हणतात, पण विकणाऱ्याने ते कुठेच लिहिलेलं नाही. परत पाठवला, तीन दिवसांत पैसे आले. तक्रार नाही.

बीडिंग घडी घालून छोट्या खोक्यात कोंबलेलं. घडीच्या जागी रबराला कायमचा चिमटा बसलाय. दोन दिवस गरम पाण्यात आणि मग उन्हात (ऊन मिळालं तेवढ्यात) सरळ करायचा प्रयत्न केला, दोन दारांचं जमलं.

१४ जुलै, रविवार

मागचे ब्रेक. मेस्त्री सकाळी आठला आले. ड्रम गंजून असे बसले होते की दोन्ही उतरवायला दीड तास गेला.

ब्रेक शूचं खोकं उघडताना मला खटकलं. किमतीची चिकटपट्टी दुसऱ्या पट्टीवर चिकटवलेली होती. वरची नखाने सोलली तर खालचीवर छापील किंमत कमी. कुठल्या महिन्यात बनलं ते नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, तक्रारीसाठी फोन नाही. पाकीटबंद मालावर हे सगळं छापलेलं असावं असा वजनमापांचा नियमच आहे. अस्तराला नखाने घासलं तर भुकटी पडली. मेस्त्री म्हणाले, "हे लावायला सांगू नका मला." नाही लावले. जुन्या शूंचे पत्रे शाबूत होते. एका शेजाऱ्याने त्याच्या शूंना इथेच नवं अस्तर मारून घेतलं होतं, तोच मार्ग आम्ही धरला. दुपारपर्यंत झालं.

सिलेंडर मात्र दिसायला चांगले होते. दोन्ही सारखे, भोकं बरोबर जुळली, पाईपचे आटे बरोबर बसले. नवं डॉट ३ ब्रेक ऑइल भरलं, चारही चाकांच्या ब्रेकमध्ये अडकलेली हवा काढली. पेडल घट्ट. बाबांनी स्वतः दाबून पाहिलं.

मी त्यांची मापं घेतली नाहीत. आर्मच्या बाबतीत एवढं होऊनही नाही घेतली, ही माझी चूक.

२१ जुलै, रविवार

गुहागर रस्त्याला गाडी घेऊन गेलो, मी एकटाच. रस्ता ओला, पाऊस बारीक. चाळीसच्या वेगात एका ठिकाणी म्हैस आडवी आली, ब्रेक जरा जोरात दाबला. गाडीची मागची बाजू सरकली. फार नाही, हातभर. पण सरकली ती कळली, पाठीच्या मणक्याला कळली. मागे कोणी नव्हतं, म्हैस शांतपणे निघून गेली. मोकळी जागा बघून आणखी दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा मागचं डावं चाक आधी अडकतंय.

वीसच्या वर न जाता घरी आलो. याच गाडीत गणपतीला आई मागे बसणार, मांडीवर मूर्ती घेऊन.

२२ जुलै

रात्रभर पाऊस. आजच्या तारखेला चिपळुणात कोणी नीट झोपत नाही. आम्हीही पाण्याचा अंदाज घेत जागे होतो. झोप येत नव्हती म्हणून पहाटे शेडमध्ये जाऊन ड्रम उतरवले, सिलेंडर काढले आणि पिस्टन व्हर्निअरमध्ये, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीत, धरले.

डावा साडेसतरा मिलिमीटर. उजवा सोळाला थोडा कमी.

पाठीवरचा मळ पुसला तर ओतीव अक्षरांत तेच लिहिलेलं: एकावर ११/१६, दुसऱ्यावर ५/८. इंचातलं माप आहे ते. एका खोक्यात, एका पिशवीत, एकाच किमतीत दोन वेगळे सिलेंडर. जुने दोन्ही मोजले, दोन्ही साडेसतराचे.

एवढ्याशा फरकाने काय होतं? सिलेंडरचा जोर व्यासावर नाही, व्यासाच्या वर्गावर ठरतो. ५/८ म्हणजे १०/१६. अकराचा वर्ग १२१, दहाचा १००. म्हणजे पेडलवर तेवढाच पाय ठेवून डाव्या चाकाचे शू उजव्यापेक्षा २१ टक्के जास्त जोराने दाबले जात होते. कोरड्या रस्त्यावर कदाचित कळलंही नसतं. ओल्यावर डावं चाक आधी अडकणारच.

बाहेरून दोन्ही तंतोतंत सारखे, भोकं तीच, आटे तेच. 'बसतो' या शब्दाचा अर्थ विकणाऱ्याच्या लेखी एवढाच आहे. गाडीला तो चालतो का, हा प्रश्न त्याला पडलेला नाही. बीडिंग वाकडं आलं तर पाणी गळेल. ब्रेक चुकीचा आला तर माणूस जाईल. दोन्हींसाठी एकच पान, एकच हिरवी खूण, हे मला मान्य नाही.

२५ जुलै

सिलेंडर परत घ्यायला नकार. कारण दोन: सात दिवस उलटले आणि भाग 'वापरलेला' आहे. ब्रेकचा भाग न बसवता कसा तपासायचा, असं विचारलं. उत्तर यंत्राचं आलं, माझ्या नावासकट तेच वाक्य चार वेळा.

मग कायदा वाचला. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२०. माल सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितलं तसा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. ऑनलाइन विक्री करणाऱ्या प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. अधिकाऱ्याचं नाव शोधायला पानाच्या अगदी तळाला जावं लागलं, बारीक अक्षरात.

त्याला लिहिलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ वरही नोंदवलं. फोनवरच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, व्हर्निअरचा फोटो जोडायला सांगितला. या महिन्यात माझं बोलणं पहिल्यांदाच माणसाने ऐकलं.

३ ऑगस्ट

आठवडाभर रात्री वाचन. दोन उपयोगी गोष्टी हाती लागल्या.

एक, भाग क्रमांक. सुझुकीच्या क्रमांकात पहिले पाच आकडे भागाचा प्रकार सांगतात: १६५१० ऑइल फिल्टर, १७४०० वॉटर पंप. पुढचे पाच सांगतात तो मुळात कुठल्या मॉडेलसाठी आखला. आपल्याकडे मारुतीने मध्ये 'एम' घातलेला असतो. गाडीचं नाव टाकून शोधलं की कचरा येतो, क्रमांक टाकून शोधलं की यादी दहा-बारांवर येते आणि त्यातल्या निम्म्या तरी खऱ्या असतात. पहिल्या दिवशीच हे करायला हवं होतं.

दुसरी, मेहरान. हीच गाडी पाकिस्तानात सुझुकी मेहरान म्हणून १९८९ पासून २०१९ पर्यंत बनत होती, इंजिनही हेच ७९६ सीसीचं. तिकडच्या लोकांनी एकेक भाग पट्टीशेजारी ठेवून फोटो काढलेत. सरहद्दीपलीकडचा कोणी अनोळखी माणूस जुना सिलेंडर मापात धरून दाखवतो आणि मला माझं उत्तर मिळतं, पण पैसे घेणारा विक्रेता पट्टी शेजारी ठेवत नाही. याचा राग यायचा थांबत नाही.

तक्रारीची पोच आली, ४८ तासांत नाही, पाचव्या दिवशी.

१० ऑगस्ट, शनिवार

पुण्याला गेलो. पहाटेची एसटी, कुंभार्ली घाटात धुकं एवढं की चालकाने दिवे लावून, हॉर्न देत गाडी काढली. जुने दोन्ही सिलेंडर आणि डावा आर्म पिशवीत, फडक्यात गुंडाळून.

नाना पेठ. एकेका गाळ्यात छतापर्यंत खोकी. तिसऱ्या दुकानात विचारलं तर काउंटरवरच्या वयस्क शेठनी पहिला प्रश्न केला, "कार की व्हॅन?" या धंद्यात ८०० म्हणजे मारुती कार आणि ओम्नी म्हणजे मारुती व्हॅन, हे मी विसरलो होतो. दुसरा प्रश्न, "जुना माल आणलाय?"

फडकं सोडलं. त्यांनी सिलेंडर उचलून पाठीवर अंगठा फिरवला, बघितलंसुद्धा नाही, आणि पोऱ्याला आकडा सांगितला. दोन खोकी आली. दोन्ही उघडून, दोन्ही उलटी करून माझ्यासमोर ठेवली: ११/१६, ११/१६. बनल्याचा महिना दाखवला, कारण आतलं रबर कपाटात पडून पडूनही म्हातारं होतं. वर बजावलं, "रबराला पेट्रोल नाही, इंजिन ऑइल नाही. ब्रेक ऑइलच लावा, नाहीतर फुगेल." मग माझा जुना आर्म नव्या डाव्या आर्मवर पालथा ठेवून बुशची जागा जुळवून दाखवली.

दोन प्रश्न आणि पाच मिनिटं. दोन महिने मी याच पाच मिनिटांसाठी धडपडत होतो.

सिलेंडर ३८० रुपयांना एक, आर्म ८५० रुपये. ऑनलाइनपेक्षा थोडे जास्तच गेले, एसटीचं भाडं वेगळं.

गर्दी नव्हती म्हणून विचारलं, ऑनलाइनवाले सगळ्या गाड्यांची नावं का लावतात. त्यांनी सरळ सांगितलं. एकच मॉडेल निवडलं तर भाग फार थोड्या लोकांना दिसतो, सगळी निवडली तर सगळ्यांना दिसतो. यादी भरणारी पोरं दिवसाला शे-दोनशे वस्तू टाकतात, त्यांनी तो भाग हातात धरलेलाही नसतो. बनवणाऱ्या कंपनीच्या छापील कॅटलॉगमध्ये माप असतं. त्यांच्याकडचा काढून दाखवला, प्रत्येक सिलेंडरसमोर व्यास लिहिलेला. यादी भरताना तो एक रकाना कोणी उतरवून घेत नाही, एवढंच.

एवढंच, पण माझ्या डोळ्यासमोर ती म्हैस आली. जो भाग ब्रेकमध्ये किंवा स्टिअरिंगमध्ये जातो, त्याच्या पानावर माप आणि भाग क्रमांक असल्याशिवाय तो विकायलाच देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. विक्रेत्याचं यात काही जात नाही. आकडा आधीच छापलेला आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

सिलेंडर बसवले. बसवण्याआधी चार वेळा मोजले, मेस्त्रींनीही मोजले. आर्म दोन्ही बसवले: डावा नाना पेठेतला, उजवा ऑनलाइन आलेल्या दोघांपैकी. तो मात्र चांगला आहे, जॉइंट घट्ट, बुशचं माप बरोबर. वाईट माल आला असं सरसकट म्हणणं अन्याय होईल. हेडलाईट टाईप टू, क्रमांक टाकून पुन्हा ऑनलाइनच मागवला होता, तो पहिल्या फटक्यात बसला.

संध्याकाळी गुहागर रस्ता, तोच ओला पट्टा. चाळीस, मग पन्नास. सरळ थांबली. पाच वेळा करून पाहिलं. परत येताना बाबांना शेजारी बसवलं आणि त्यांच्यासमोर सहाव्यांदा.

२७ ऑगस्ट

रत्नागिरी, पासिंग. नूतनीकरणाचे ५,००० रुपये, पर्यावरण कर निराळा, विमा आणि पीयूसी आधीच तयार. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो, म्हणून शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबलो नाही. चेसिस नंबरची पेन्सिलने छाप घेतली, दिवे, हॉर्न, वायपर बघितले. साहेब स्वतः बसले, गाडी पळवून ब्रेक मारला. मी बाहेर उभा होतो आणि माझी नजर मागच्या डाव्या चाकावर होती.

पास. सप्टेंबर २०२९ पर्यंत.

५ सप्टेंबर

सिलेंडरचे ७१० रुपये आज जमा झाले. सोबत 'सदिच्छा म्हणून' असं लिहिलंय. सदिच्छा नव्हे, ते माझे पैसे होते, आणि चूक कबूल करणारी एक ओळही त्यात नाही. ते पान अजून तसंच आहे, आत्ता पाहिलं: '८०० / अल्टो / ओम्नी / झेन, सर्व मॉडेल', हिरवी खूण. मी तिथे दोन्ही सिलेंडरचे पाठीकडून काढलेले फोटो आणि मापं टाकली होती. ती 'तपासणीखाली' आहेत, दिसत नाहीत. आज पुन्हा टाकली.

दुसऱ्या उजव्या आर्मचा निकाल लागलेला नाही. १९१५ ची तक्रार चालू आहे.

गाडीच्या कप्प्यात बाबांनी एक वही ठेवली. तिच्यात त्यांच्या अक्षरात भाग क्रमांक आणि मापं: व्हील सिलेंडर ११/१६, कार, व्हॅन नव्हे. हेडलाईट टाईप टू. शूची रुंदी मोजायची राहिली होती, ती आज सकाळी जुन्या पत्र्यावरून घेतली आणि त्यांनी लिहून ठेवली. परवा पहाटे पाचला निघायचं आहे.